बॅग, टाय आणि ‘कामगार’ ही व्याख्या

डॉक्टरांच्या दारी बॅग घेऊन ताटकळणारा वैद्यकीय प्रतिनिधी, म्हणजे आपला ‘एमआर’, कायद्याच्या दृष्टीने कामगार होता का? १९६१ साली ‘मे अँड बेकर’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘नाही’ म्हटले. त्याचे मुख्य काम औषधांचा प्रचार. ते अंगमेहनतीचे नव्हे, कारकुनीही नव्हे. परिणामी, बडतर्फ झाल्यास औद्योगिक न्यायाधिकरणाचा आधार उरला नाही. गळ्यातील टाय महागात पडला म्हणायचा!

१९७६ च्या विक्री संवर्धन कर्मचारी अधिनियमाने तो आधार दिला. शिवाय नेमणूकपत्र आणि अकरा दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा. मात्र दरमहा ७५० रुपयांहून अधिक वेतन घेणारा प्रतिनिधी वगळलेलाच राहिला. ही मर्यादा उठायला १९८७ साल उजाडले.

१९९४ मध्ये ‘सँडोझ’ प्रकरणात घटनापीठाने स्पष्ट केले: हे संरक्षण ६ मार्च १९७६ पासूनचे, त्याआधीचे नव्हे.