चालण्याचा ऑनलाइन कोर्स म्हणजे काय? त्याचं क्रेडिट कसं मिळतं आणि शीव कोळीवाड्यात राहून तो कसा करता येतो?

चालायला तर वर्षाचं मूलही शिकतं. मग कॉलेजात चालण्याचा कोर्स कशाला, आणि तोही ऑनलाइन? ऐकणाऱ्याला आधी हसू येतं. पण अमेरिकेतल्या अनेक कम्युनिटी कॉलेजांत 'वॉकिंग फॉर फिटनेस' नावाचा कोर्स शिकवला जातो, आणि बहुतेक ठिकाणी तो १ क्रेडिटचा असतो. आपल्याकडेही राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आरोग्य, योग, क्रीडा आणि फिटनेस हे विषय पदवीच्या क्रेडिटमध्ये आले आहेत. त्यामुळे 'चालून क्रेडिट मिळतं का?' हा प्रश्न आता मुंबईतल्या विद्यार्थ्यांच्याही कामाचा झाला आहे.

या कोर्सची गरज का पडली?

'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातल्या जवळपास ५० टक्के प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. महिलांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के होतं. २००० साली हाच एकूण आकडा २२ टक्क्यांच्या आसपास होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालाने देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचं सांगितलं.

हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध सर्वांत आधी ठळकपणे दिसला तो बसमध्ये. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. नोकरी एकाच बसमधली होती, फरक मुख्यतः हालचालीचा होता.

चालण्याला जिमची फी लागत नाही, मैदान लागत नाही आणि वयाची अटही नाही. म्हणूनच घरून शिकवता येईल असा व्यायाम निवडताना कॉलेजांनी चालणं निवडलं.

कोर्समध्ये नेमकं काय शिकवतात?

पाय कसे टाकायचे, हा त्यातला लहानसा भाग असतो. खरा भर असतो मोजण्यावर. साधारणपणे पुढच्या गोष्टी शिकवल्या जातात.

* वेग: मिनिटाला सुमारे १०० पावलं पडली, तर बहुतेक प्रौढांसाठी तो मध्यम श्रमाचा व्यायाम ठरतो. १५ सेकंदांत २५ पावलं, असं मोजणं सोपं जातं. याहून सोपी कसोटी म्हणजे चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये.
* नाडी: २२० मधून वय वजा केलं की कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. मध्यम व्यायामात नाडी त्याच्या ६४ ते ७६ टक्क्यांच्या दरम्यान असावी. म्हणजे ४० वर्षांच्या व्यक्तीसाठी मिनिटाला साधारण ११५ ते १३७ ठोके. रक्तदाबाच्या काही औषधांनी ठोके मुळातच कमी राहतात. अशांनी या आकड्यांच्या मागे न लागता डॉक्टरांना विचारावं.
* चाचणी: 'रॉकपोर्ट' नावाची एक मैल चालण्याची चाचणी १९८७ पासून वापरात आहे. १.६ किलोमीटर अंतर जमेल तितक्या भरभर चालायचं, लागलेला वेळ आणि शेवटची नाडी लिहायची. वय, वजन आणि लिंग धरून शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं, याचा अंदाज काढतात. ही चाचणी कोर्सच्या सुरुवातीला आणि शेवटी घेतली, की प्रगती आकड्यात दिसते.
* नोंदवही: तारीख, वेळ, अंतर, नाडी आणि कसं वाटलं, हे दर आठवड्याला लिहून पाठवायचं असतं.

रोज १० हजार पावलं चालावीच लागतात का?

नाही. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये यामासा कंपनीने 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं यंत्र' असा. तिथून हा आकडा जगभर गेला.

२०२२ साली १५ अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षांनुसार, मृत्यूचा धोका कमी होण्याचा फायदा साठीच्या पुढच्यांमध्ये ६ ते ८ हजार पावलांपर्यंत वाढत जातो आणि मग स्थिरावतो. साठीच्या आतल्यांमध्ये हा टप्पा ८ ते १० हजारांचा आहे. जो दिवसाला ३ हजार पावलं चालतो, त्याने ५ हजार गाठली तरी फायदा सुरू होतो.

जागतिक आरोग्य संघटना पावलं सांगत नाही, मिनिटं सांगते. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असं तिचं २०२० चं मार्गदर्शन आहे. पूर्वीची 'सलग किमान १० मिनिटं' ही अटही तेव्हा काढून टाकण्यात आली. त्यामुळे स्टेशनपासून घरापर्यंत भरभर चाललेली सात मिनिटंही हिशेबात धरता येतात.

आपल्याकडे क्रेडिट मिळण्याची वाट कोणती?

महाराष्ट्रात नवी पदवी रचना २०२३-२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांपासून सुरू झाली आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आली. तिच्यात 'सीसी' म्हणजे को-करिक्युलर हा वेगळा कप्पा आहे. एनएसएस, एनसीसी, क्रीडा, योग, आरोग्य आणि सांस्कृतिक उपक्रम त्यात येतात. कोणत्या सत्रात कोणता विषय द्यायचा, हे महाविद्यालय ठरवतं. चालणं हा विषय इथे बहुधा फिटनेस किंवा आरोग्याच्या अभ्यासक्रमातला एक भाग म्हणून येतो.

दुसरी वाट 'स्वयं' या केंद्र सरकारच्या मंचाची. तो जुलै २०१७ मध्ये सुरू झाला. तिथे आरोग्य, योग आणि शारीरिक शिक्षणाचे कोर्स असतात. शिकणं मोफत आहे, मात्र प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स विद्यापीठ 'स्वयं'वरून मान्य करू शकतं. मिळालेली क्रेडिट्स 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'च्या खात्यात जमा होतात.

घरून शिकण्याची परंपरा मुंबईला नवी नाही. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ साली सुरू झालं, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं. नोकरी सांभाळून शिकणारे लाखो जण याच वाटेने पदवीधर झाले.

एका क्रेडिटसाठी किती चालावं लागतं?

प्रात्यक्षिकाच्या १ क्रेडिटसाठी ३० तास धरले जातात. सत्र १५ आठवड्यांचं असेल, तर आठवड्याला २ तास, म्हणजे १२० मिनिटं होतात. चार दिवस अर्धा अर्धा तास चाललं की हिशेब जुळतो. पण आरोग्य संघटनेची किमान मर्यादा १५० मिनिटांची आहे. म्हणजे एका क्रेडिटचं सगळं चालणं प्रामाणिकपणे केलं, तरी तब्येतीसाठी आठवड्यातला अर्धा तास कमीच पडतो. त्या तीस तासांत व्हिडिओ पाहणं आणि लेखी कामही धरलं असेल, तर तूट आणखी वाढते. पाचवा दिवस स्वतःहून जोडावा लागतो.

शीव कोळीवाड्यात चालायचं कुठे?

शीव म्हणजे सीमा. मुंबई बेट आणि साष्टी यांच्या हद्दीवरचं हे ठिकाण. इथला कोळीवाडा मूळचा कोळ्यांचा. फाळणीनंतर पंजाबी निर्वासित इथे वसले. जवळच्या हार्बर मार्गावरच्या स्थानकाचं जुनं नाव कोळीवाडा होतं, आता ते गुरू तेग बहादूर नगर आहे. वस्ती दाट, गल्ल्या अरुंद, फुटपाथवर दुकानं आणि लावलेल्या दुचाकी. 'घराबाहेर पडा आणि अर्धा तास सलग चाला' हे वाक्य इथे व्हिडिओत ऐकायला जितकं सोपं, तितकं करायला नाही.

तरीही जागा आहेत. शीवच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पंडित जवाहरलाल नेहरू उद्यान आहे. जेरल्ड ऑन्जियर मुंबईचा गव्हर्नर असताना, १६६९ ते १६७७ या काळात, हा किल्ला टेकडीवर बांधला गेला. त्यामुळे इथे सपाट चालणंही होतं आणि चढही मिळतो. माटुंग्याच्या बाजूला फाइव्ह गार्डन्सचा झाडांखालचा परिसर आहे. चाचणीसाठी अंतर ठाऊक असलेली जागा लागते. दादरच्या शिवाजी पार्कची कट्ट्यालगतची फेरी साधारण १.१७ किलोमीटरची आहे. एक पूर्ण फेरी आणि वर सुमारे ४४० मीटर चाललं, की एक मैल भरतो. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या पुरतात.

पावसाळ्यात किंग्ज सर्कल, गांधी मार्केट आणि सायनच्या सखल भागात पाणी भरतं. त्या दिवशी नोंदवहीचा रकाना भरण्यासाठी पाण्यातून चालू नये. पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. साचलेल्या पाण्यातून जावंच लागलं, तर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. अशा दिवशी इमारतीचा जिना किंवा घरातच जागच्या जागी भरभर चालणं चालतं.

हिवाळ्यात अडचण हवेची असते. थंड पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत अडकून राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर हवेचा निर्देशांक पाहून वेळ बदलता येते.

घरकाम आणि धंद्यातलं चालणं धरतात का?

मासळीची पाटी घेऊन फिरणारी कोळीण दिवसभरात जितकी चालते, तितकं उद्यानात फेऱ्या मारणारे क्वचितच चालत असतील. आरोग्य संघटना कामाच्या, प्रवासाच्या आणि घरकामाच्या हालचालीही व्यायामात मोजते. कोर्समध्ये मात्र ठरावीक वेगाने, ठरावीक वेळ चाललेलंच बहुधा धरलं जातं, कारण नाडी आणि वेग तपासायचा असतो. जिचा दिवस आधीच उभ्याने जातो, तिला संध्याकाळच्या फेरीपेक्षा विश्रांती आणि स्नायूंच्या व्यायामाची गरज जास्त असू शकते. हे शिक्षकाला आधीच सांगावं.

नोंदी खोट्या असल्या तर?

फोन हातात धरून हलवला तरी पावलं वाढतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून अनेक कोर्समध्ये नाडी, वेळ आणि मार्गाचा नकाशाही मागतात. बनावट नोंद कधी कधी सुरुवातीच्या आणि शेवटच्या चाचणीत उघडी पडते, कारण पंधरा आठवडे चाललेल्या माणसाचा मैलाचा वेळ सहसा कमी होतो. पण कुणी पकडलं नाही, तरी नुकसान विद्यार्थ्याचंच. इतिहासाचं पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून पास होता येतं. तीस तासांचं चालणं एका रात्रीत उरकता येत नाही.

नकाशा देण्यात मात्र एक धोका आहे. रोज त्याच वेळी, त्याच घरातून निघणारी रेघ कुणाच्या हाती लागली, तर राहण्याचा पत्ता आणि दिनक्रम दोन्ही कळतात. २०१८ साली 'स्ट्राव्हा' अ‍ॅपच्या नकाशावरून लष्करी तळांच्या जागा उघड झाल्या होत्या. नोंद सार्वजनिक ठेवू नये. घराजवळचा भाग लपवण्याची सोय अ‍ॅपमध्ये असेल तर ती सुरू करावी. मुलींनी नकाशाऐवजी नुसती वेळ आणि अंतर चालेल का, हे शिक्षकाला विचारायला संकोच करू नये.

नाव घालण्याआधी काय तपासावं?

1. हे क्रेडिट आपलं महाविद्यालय मान्य करतं का? उत्तर लेखी घ्यावं. नुसत्या प्रमाणपत्राला क्रेडिट समजू नये.
2. तीस तासांपैकी प्रत्यक्ष चालणं किती?
3. घड्याळ किंवा फिटनेस बँड विकत घेणं सक्तीचं आहे का? साधं घड्याळ आणि मनगटावरची दोन बोटं नाडी मोजायला पुरतात.
4. आजारी पडल्यास किंवा पाळीच्या त्रासात आठवडा भरून काढता येतो का?

हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा सांध्यांचा त्रास असेल, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. चालताना छातीत दुखलं, दम लागून बोलणं थांबलं किंवा चक्कर आली, तर फेरी तिथेच सोडावी. त्रास थांबला नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या भागातल्या लोकांसाठी लोकमान्य टिळक रुग्णालय, म्हणजे सायन हॉस्पिटल, जवळच आहे.

क्रेडिटची गरज नसेल, तर यातली बहुतेक कामं फुकटात करता येतात. एक वही घ्यावी, मैलाची चाचणी करून वेळ लिहावा, आठवड्याला पाच दिवस अर्धा तास चालावं आणि पंधरा आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करावी. ज्यांना एकट्याने नियम पाळणं जमत नाही, त्यांना कोर्सचा खरा उपयोग होतो, कारण दर रविवारी रात्री कुणीतरी नोंदवही मागणार असतं.