अष्ठीला: एका संज्ञेचा व एका कारणाचा इतिहास

प्रोस्टेट ग्रंथीस मराठी परिभाषेत 'पुरःस्थ ग्रंथी' व 'अष्ठीला' अशी दोन नावे आहेत. पहिले नाव 'पुढे उभा असलेला' या अर्थाच्या मूळ ग्रीक शब्दाचे भाषांतर होय. दुसऱ्याचा इतिहास निराळा आहे. सुश्रुतसंहितेत व वाग्भटाच्या अष्टांगहृदयात मूत्राघाताच्या प्रकारांमध्ये 'वाताष्ठीला' वर्णिली आहे. बस्ती व मलमार्ग यांच्या दरम्यान वातामुळे दगडाच्या गोट्यासारखी टणक गाठ उत्पन्न होते व ती मूत्राचा रोध करते, असे तिचे स्वरूप. छत्रपती संभाजीनगराजवळच्या देवगिरी येथील यादवांचा मंत्री हेमाद्रि याने तेराव्या शतकात अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका रचली. अर्थात हा ग्रंथ या भूमीत सातशे वर्षांपूर्वीही अभ्यासिला जात होता. तथापि प्राचीनांची अष्ठीला हा विकार होता. ग्रंथीचे नाव म्हणून ती संज्ञा योजिली ती अर्वाचीन परिभाषाकारांनी.

संज्ञेप्रमाणे कारणाचाही अर्थ पालटत गेला. १७८६ साली लंडनच्या जॉन हंटर याने वृषणे काढलेल्या प्राण्यांत ही ग्रंथी लहान व शिथिल राहते असे नोंदविले. या निरीक्षणाचा आधार घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूत्रावरोधाने पीडित वृद्धांची वृषणे काढण्याचा उपचार सुरू झाला. फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइट याने १८९५ मध्ये अशा १११ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. वृषणातून नेमके काय स्रवते हे मात्र तेव्हा अज्ञात होते. टेस्टोस्टेरोन हे संप्रेरक वेगळे करण्यात आले ते १९३५ मध्ये. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स याने या ग्रंथीचा कर्करोगही त्यावर अवलंबून असल्याचे दाखविले. या कार्यास १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक लाभले. पुढे १९६८ मध्ये ग्रंथीच्या पेशींत टेस्टोस्टेरोनचे रूपांतर अधिक प्रभावी अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरोनमध्ये होते, हे उघड झाले.

परंतु एक विसंगती उरलीच. वयाबरोबर रक्तातील टेस्टोस्टेरोन घटते, ग्रंथी मात्र वाढते. टेस्टोस्टेरोन ही वाढीची आवश्यक अट खरी, पण ते तिचे पुरेसे कारण नव्हे. या विसंगतीचा उलगडा वृषणाच्या एखाद्या दुसऱ्या स्रावाने होईल काय, असा प्रश्न त्यापूर्वीच उपस्थित झाला होता. १९३२ मध्ये अमेरिकेतील मॅकुला याने वृषणातील एका जलविद्राव्य द्रव्यास 'इन्हिबिन' हे नाव दिले. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीस हे द्रव्य आवर घालते व त्याची उणीव पडली की प्रोस्टेट वाढते, अशी त्याची कल्पना होती. नाव मिळाले, द्रव्य मात्र दीर्घकाळ हाती लागले नाही.

या शोधात मुंबईचा वाटा लक्षणीय आहे. परळ येथील 'इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन' या संस्थेत अ. र. शेठ व त्यांच्या सहकाऱ्यांना मानवी वीर्यद्रवात इन्हिबिनसदृश क्रिया करणारे प्रथिन आढळले. १९८४ मध्ये त्याच्या ९४ अमिनो आम्लांचा अनुक्रम निश्चित झाला. हे प्रथिन प्रोस्टेट ग्रंथीच मोठ्या प्रमाणात स्रवते असे ठरले. दुसरीकडे १९८५ मध्ये बीजकोशातील द्रवातून दोन घटकांनी बनलेले निराळे प्रथिन वेगळे करण्यात आले व 'इन्हिबिन' हे नाव त्यालाच कायम झाले. मुंबईत अभ्यासिलेले प्रथिन आज बीटा-मायक्रोसेमिनोप्रोटीन या नावाने ओळखले जाते.

नाव गेले म्हणून कार्य वाया गेले नाही. २००८ मध्ये या प्रथिनाच्या जनुकालगतचा एक भेद प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या संभाव्यतेशी निगडित असल्याचे दिसून आले; ज्या रूपाने प्रथिनाची निर्मिती घटते, त्याच रूपाशी अधिक धोका जोडलेला आहे. म्हणजे वृषणाचा दूत म्हणून ज्याचा शोध झाला, ते ग्रंथीच्या स्वतःच्या प्रकृतीचे गमक ठरले.

क्रियेवरून दिलेले नाव ही वस्तुतः एक प्रतिज्ञा असते. ती सिद्ध न झाल्यास नाव दुसरीकडे जाते, पदार्थ मात्र उरतो. उलट, 'अष्ठीला' ही संज्ञा कारण सांगत नाही, केवळ हाताला लागणारे काठिण्य सांगते. वातापासून संप्रेरकापर्यंत कारणमीमांसा बदलत गेली, तरी ती टिकली याचे रहस्य बहुधा हेच असावे. नवी वैद्यकीय परिभाषा घडविणाऱ्यांनी हा भेद ध्यानी ठेवणे इष्ट होय.