'स्टार ट्रेक'च्या उत्तरकालीन मालिका आणि रसिकांचा प्रामाण्यविचार

२४ सप्टेंबर २०१७ रोजी अमेरिकेत 'स्टार ट्रेक : डिस्कव्हरी' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तत्पूर्वी बारा वर्षे या परंपरेतील एकही नवी मालिका निघालेली नव्हती. पहिले काही भाग पाहून जुन्या रसिकांपैकी अनेकांनी जो अभिप्राय दिला, त्याचा मथितार्थ असा की, ही मालिका चांगली असो वा वाईट, ती 'स्टार ट्रेक' नव्हे. हा आक्षेप गुणदोषांविषयी नसून कुळाविषयी आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तो २०१७ मध्ये प्रथमच उच्चारला गेला, असे समजणे मात्र इतिहासास धरून होणार नाही. त्या आक्षेपाची पूर्वपीठिका पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जीन रॉडनबेरी यांची मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एन.बी.सी. या वाहिनीवर सुरू झाली आणि ७९ भाग होऊन १९६९ मध्ये बंद पडली. 'एंटरप्राइझ' हे अंतराळयान, त्याचा कप्तान कर्क आणि अर्धा मानव व अर्धा व्हल्कन असा तर्कनिष्ठ अधिकारी स्पॉक, एवढ्या भांडवलावर ती उभी होती. दुसऱ्या वर्षी ती बंद होणार अशी वार्ता पसरताच बिजो व जॉन ट्रिंबल या दांपत्याच्या पुढाकाराने वाहिनीकडे पत्रांचा ओघ सुरू झाला. अखेर मालिका पुढे चालू राहील, असे वाहिनीला १ मार्च १९६८ रोजी प्रक्षेपणातूनच जाहीर करावे लागले. सत्तरीच्या दशकात स्थानिक केंद्रांवरून तिचे पुनःपुन्हा प्रक्षेपण झाले. १९७२ मध्ये न्यूयॉर्कला रसिकांचा मोठा मेळावा भरला. १९७६ मध्ये तर रसिकांच्या पत्रांमुळेच अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला, म्हणजे चाचणीसाठी बांधलेल्या यानाला, 'एंटरप्राइझ' हे नाव मिळाले. या दशकभरात प्रेक्षक हा केवळ प्रेक्षक राहिला नाही. तो वतनदार झाला. पुढील सर्व वादांचे मूळ येथे आहे.

१९८७ मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' ही मालिका आली, तेव्हा कर्क व स्पॉक यांच्यावाचून 'स्टार ट्रेक' संभवतच नाही, असे म्हणणारे पुष्कळ होते. नवा कप्तान पिकार्ड नावाने फ्रेंच, उच्चाराने इंग्रज आणि डोक्याने टकला. त्याचीही पुरेशी टवाळी झाली. पहिली दोन वर्षे मालिका कच्ची होती, हे तिचे समर्थकही मान्य करतात. परंतु जून १९९० मध्ये शत्रूंनी पिकार्डलाच आपल्यात सामील करून घेतले, त्या प्रसंगावर त्या वर्षाचा शेवटचा भाग थांबला आणि संबंध उन्हाळाभर रसिक पुढील भागाची वाट पाहत राहिले. त्यानंतर तिच्या कुळाविषयी शंका घेणारे फारसे उरले नाहीत. १९९३ ची 'डीप स्पेस नाइन' एका स्थिर स्थानकावर घडते, म्हणून ती 'कोठेच जात नाही' असे आक्षेपक म्हणत. २००१ च्या 'एंटरप्राइझ'चे शीर्षकगीत बदलावे यासाठी तर विनंतिपत्रे निघाली. २०१७ मध्ये 'डिस्कव्हरी'ला नाकारताना प्रमाण म्हणून या मालिकांचीच नावे, विशेषतः 'डीप स्पेस नाइन'चे नाव, पुढे करण्यात आले. काल ज्याला दत्तकाचाही मान मिळत नव्हता, तो आज औरसपणाची कसोटी ठरला, असा हा प्रकार आहे.

ही कसोटी कशी चालते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे क्लिंगॉन जमातीचे कपाळ. १९६७ मध्ये क्लिंगॉन प्रथम दिसले, तेव्हा खर्च बेताचा असल्याने त्यांची कपाळे तुमच्याआमच्यासारखीच सपाट होती. १९७९ च्या चित्रपटात त्यांना उंचवट्यांची हाडे फुटली. निर्मात्यांच्या दृष्टीने ही केवळ रंगभूषेतील सुधारणा होती. रसिकांच्या दृष्टीने तो श्रुतिविरोध होता. आपल्याकडील मीमांसकांनी परस्परविरोधी वचनांची एकवाक्यता साधण्यासाठी जी खटपट केली, तिची येथे आठवण होते. १९९६ मध्ये 'डीप स्पेस नाइन'च्या एका भागात उंच कपाळाचा वॉर्फ हा क्लिंगॉन कर्काच्या काळात जातो व आपल्या सपाट कपाळाच्या पूर्वजांना पाहतो. सोबती खुलासा विचारतात, तेव्हा परक्यांशी आम्ही या विषयावर बोलत नाही, एवढेच तो सांगतो. २००५ मध्ये 'एंटरप्राइझ' मालिकेने दोन भाग खर्चून एका विषाणूमुळे कपाळे सपाट झाल्याचे दाखविले आणि जुना विरोध मिटविला. मग 'डिस्कव्हरी'ने क्लिंगॉनांना केशहीन व संपूर्ण नव्या घडणीचे करून तो पुन्हा उकरून काढला.

तिचा दुसरा अपराध म्हणजे नायिका मायकेल बर्नहॅम हिला स्पॉकची मानलेली बहीण ठरविणे. पन्नास वर्षांत स्पॉकने जिचे नाव काढले नाही अशी बहीण कोठून आली, हा प्रश्न सयुक्तिक आहे. परंतु १९८९ च्या चित्रपटात त्याचा सावत्र भाऊ असाच अकस्मात प्रकट झाला होता. १९६७ मध्ये त्याचे आईबापही प्रेक्षकांना तितक्याच अवचित भेटले होते. २०१९ मध्ये दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस 'डिस्कव्हरी' यान नऊशेहून अधिक वर्षे भविष्यात गेले आणि त्याच्याविषयी कोणी चकार शब्दही काढू नये, अशी शिफारस खुद्द स्पॉकनेच केली. वॉर्फचे मौन व स्पॉकचे मौन यांत तत्त्वतः भेद नाही. पहिल्याला रसिक हसले आणि दुसऱ्याला पळवाट म्हणाले.

भाषेच्या बाबतीत तर न्याय उलटाच झाला आहे. १९७९ च्या चित्रपटातील मोजक्या क्लिंगॉन शब्दांचा आधार घेऊन मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटासाठी पूर्ण भाषा घडविली. तिचा कोश १९८५ मध्ये निघाला. कॅलिफोर्नियातील मुत्सुन या आदिवासी भाषेवर ओक्रँड यांचा प्रबंध होता. जगातील भाषांत विरळ असलेला कर्म-क्रिया-कर्ता हा क्रम त्यांनी बुद्ध्याच निवडला. 'रामाने आंबा खाल्ला' याचा साधा क्लिंगॉन क्रम 'आंबा खाल्ला रामाने' असा होईल. मराठीत जो क्रम विशेष जोर देण्यासाठी वापरावा लागतो, तो तेथे नित्याचा आहे. तिच्यात मूर्धन्य 'ड' आहे, परंतु त्याच्या जोडीचा 'ट' नाही. परग्रहावरील भाषा अपरिचित वाटावी म्हणून अशी विषमता मुद्दाम ठेवलेली आहे. मधल्या मालिकांच्या लेखकांनी मात्र या व्याकरणाची फारशी पत्रास ठेवली नाही; कानाला कर्कश लागेल असा शब्द टाकला की त्यांचे काम होई. याउलट 'डिस्कव्हरी'ने स्वतंत्र भाषांतरकार नेमून प्रदीर्घ संवाद व्याकरणशुद्ध करून घेतले. तिच्यासाठी क्लिंगॉन भाषेतील उपशीर्षकेही उपलब्ध झाली. रसिकांची तक्रार अशी की, जड मुखवट्यांमुळे नटांचे बोलणे संथ व अस्पष्ट होते आणि उपशीर्षके वाचता वाचता प्रसंग थिजतो. तक्रार खरी आहे. तरीही, व्याकरणाशी एकनिष्ठ असलेल्या मालिकेलाच परंपराद्रोही ठरविण्यात आले, यावरून रसिकाची निष्ठा व्याकरणाशी नसून बालपणी ऐकलेल्या नादाशी असते, असे मला वाटते.

सर्व आक्षेप एकाच तोलाचे नाहीत. पूर्वी बहुतेक भागांत एक कथा पूर्ण होत असे. 'डिस्कव्हरी'ने पर्वभर एकच कथा चालविली व तिचा सारा भार एका व्यक्तीवर टाकला, हा आक्षेप वाङ्मयीन असून विचारार्ह आहे. त्याचा परिणामही झाला. दुसऱ्या पर्वात कप्तान पाइक रसिकांना भावला, त्याची स्वतंत्र मालिका काढावी अशी मागणी झाली, आणि २०२२ मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' ही बव्हंशी एकेका भागात कथा संपविणारी मालिका आली. उलट, सोनेक्वा मार्टिन-ग्रीन ही कृष्णवर्णीय अभिनेत्री प्रमुख भूमिकेत आहे, याच कारणास्तव काही जणांनी जे आकांडतांडव केले, त्यास मत म्हणणेही कठीण आहे. १९६६ पासून एंटरप्राइझच्या नियंत्रणकक्षात निशेल निकोल्स यांची उहुरा बसलेली होती, याचे विस्मरण होणाऱ्यांनी परंपरेचा दाखला कशाच्या बळावर द्यावा?

वतनाचा प्रश्न न्यायालयातही गेला. रसिकांनी वर्गणी काढून आरंभिलेल्या 'ॲक्सनार' या चित्रपटाविरुद्ध पॅरामाउंट व सी.बी.एस. या कंपन्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये दावा लावला. हक्कभंगाच्या यादीत त्यांनी क्लिंगॉन भाषेचाही समावेश केला. एप्रिल २०१६ मध्ये भाषानिर्मात्यांच्या एका संस्थेने न्यायालयापुढे निवेदन ठेवले की, जी भाषा माणसे शिकतात व बोलतात, तिच्यावर कोणाचीही मालकी चालू शकत नाही. त्या निवेदनात काही वाक्ये क्लिंगॉनमध्येच होती. जून २०१६ मध्ये कंपन्यांनी रसिकांच्या चित्रपटांसाठी नियम घालून दिले व एका कथेला पंधरा मिनिटांची, दोन भाग केल्यास एकूण तीस मिनिटांची, मर्यादा ठरविली. जानेवारी २०१७ मध्ये दाव्यात तडजोड झाली. भाषा कोणाची, यावर निर्णय झालाच नाही. त्यानंतर आठ महिन्यांनी 'डिस्कव्हरी'चा पहिला भाग क्लिंगॉन भाषणानेच उघडला. ते भाषण लिहून घेण्यासाठी निर्मात्यांना माणूस शोधावा लागला तो ही भाषा हौसेने शिकलेल्या रसिकांमधूनच.