जमीन तासणारे तिघे

आपल्याकडे जमीन सारवतात, चोपणीने चोपतात, ऐपत असेल तर शहाबादी फरशीने मढवतात. जमीन ‘तासतात’ असे कोणी म्हटले तर ऐकणारा त्याच्या तोंडाकडे पाहत राहील. तासायचे ते लाकूड, आणि ते काम सुताराचे. पण पायाखालची जमीनच मुळी लाकडाची असेल, तर तिचीही वरची कातडी अधूनमधून सोलून काढावी लागते, आणि युरोपातल्या मोठ्या शहरांत हा एक स्वतंत्र धंदा होता. या धंद्याविषयीचे सर्वांत विश्वासाचे टिपण एका चित्रकाराने करून ठेवले आहे. गुस्ताव्ह कायबॉत हे त्याचे नाव. १८७५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्याने तीन माणसे रंगवली : कमरेपर्यंत उघडी, गुडघ्यांवर आलेली, एका रिकाम्या दालनाची लाकडी जमीन तासणारी. हे चित्र आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

या चित्रावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातल्या प्रकाशाविषयी, पाहणाऱ्याच्या अंगावर येणाऱ्या उतरत्या जमिनीविषयी, त्या तिघांच्या उघड्या पाठींविषयी. जे लिहिले त्यातले बरेचसे मला पटते. मात्र त्यांच्या हातातल्या पात्याविषयी कोणी दोन ओळींहून अधिक लिहिलेले माझ्या वाचनात फारसे आले नाही, आणि माझ्या मते चित्राचे अर्धे मर्म त्या पात्यातच आहे.

आधी जमिनीची हकीकत. व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ मध्ये संगमरवराच्या जागी ओकच्या लाकडाच्या जमिनी घालण्यात आल्या. संगमरवर धुवावा लागे, ते पाणी फटींतून खाली झिरपे आणि खालच्या तुळया कुजत. राजाच्या घरी जे आले ते हळूहळू सरदारांच्या आणि मग सावकारांच्या घरी आले. १८५३ ते १८७० या काळात ओस्मान हा पॅरिसचा प्रमुख शासकीय अधिकारी होता. त्याने जुन्या गल्ल्या पाडून सरळ, रुंद रस्ते काढले आणि त्या रस्त्यांच्या दुतर्फा श्रीमंतांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक मजल्यावर लाकडी जमीन, आणि ती आरशासारखी हवी. ती मेणाने चकचकीत ठेवणारी माणसेही निराळी असत. पायाला ब्रश बांधून ती खोलीभर नाचल्यासारखी घसरत फिरत.

पण लाकूड हे मेले तरी जिवंत असते. ते ओल पिते, सुकते, फुगते. फळीच्या खालच्या अंगाला ओल अधिक लागली की तिच्या कडा वर येतात आणि मधला भाग पन्हळीसारखा खोल राहतो. अशा जमिनीवर नुसते मेण चोळून भागत नाही, ती एका पातळीत आणावी लागते. येथे रंध्याचे काम आधी येते, पण ते पुरे पडत नाही. ओकच्या फळीत रेषा एका हातावर उजवीकडे जातात तर दुसऱ्या हातावर उलट फिरतात. रंधा रेषांच्या उलट गेला की लाकडाचे तुकडे उपटून काढतो. शिवाय फळीत खिळे असतात. रंध्याच्या धारेला एक खिळा लागला तरी तासभराची निगुती फुकट. म्हणून तासण्यापूर्वी प्रत्येक खिळा हातोडीने लाकडाच्या पोटात बसवावा लागतो, आणि शेवटचा हात रंध्याचा नव्हे, तासणीचा असतो.

ही तासणी दिसायला इतकी साधी की तिला हत्यार म्हणावे की पत्र्याचा तुकडा, असा प्रश्न पडावा. पोलादाची एक पातळ पट्टी, तिला धरायला लाकडी मूठ किंवा बैठक. नवख्याची समजूत अशी की पट्टीची कड चाकूसारखी पाजळली की झाले. तसे नाही. प्रथम कानशीने कड सरळ करायची. ती काटकोनात ठेवायची की तिरपी करायची हे पट्टीच्या जाडीवर आणि कामाच्या जातीवर ठरते. मग ती निसण्यावर घासून कानशीच्या खुणा घालवायच्या. मग एक टणक, गुळगुळीत पोलादी दांडा त्या कडेवरून दाबून ओढायचा, प्रथम जवळजवळ सपाट आणि नंतर थोडा कलता करून. या दाबाने कडेचे पोलाद किंचित बाहेर वळते आणि एक सूक्ष्म आकडी तयार होते. डोळ्यांना ती दिसत नाही, अंगठा आडवा फिरवला तर बोटाला अडते. लाकूड कापते ती ही आकडी. तिचा कोन इतका उभा असतो आणि ती इतकी थोडी खाते, की रेषा उलटी फिरली तरी तुकडा उपटला जात नाही.

आकडी वळवणे हा निम्मा भाग, पाते लावणे हा दुसरा. पुढे अमेरिकेत स्टॅन्ली कंपनीने आपल्या ८० क्रमांकाच्या बिडाच्या तासणीत हे काम स्क्रूंवर सोपवले. ती सपाट फळीवर ठेवायची, पाते सैल सोडून त्याची कड लाकडाला टेकू द्यायची, बाजूचे दोन स्क्रू आवळायचे आणि मग पाठीमागचा मधला स्क्रू थोडा थोडा फिरवायचा. त्या दाबाने पाते मध्यभागी किंचित पोट काढते आणि तेवढेच लाकडात शिरते. पोट नसेल तर पात्याचे दोन्ही कोपरे लाकडावर ओरखडे काढतात, पोट जास्त झाले तर जमिनीत पन्हळी पडतात. मी हे हत्यार वापरून पाहिले आहे. पाव फेऱ्याचा फरक हाताला लगेच कळतो. कायबॉतच्या कामकऱ्यांपाशी असा स्क्रू नव्हता. तो हिशेब त्यांच्या मनगटांत आणि खांद्यांत होता.

पाते नीट लागले आहे की नाही हे ओळखण्याची खूण एकच, आणि ती जगभर सारखी. धार जिवंत असेल तर लाकडाचे तलम, गुंडाळलेले सालपट निघते. धार मेली की नुसता भुसा निघतो. ओकसारख्या कठीण लाकडावर आकडी फार वेळ टिकत नाही. थोडे तासायचे, थांबायचे, कानस घ्यायची, पुन्हा वळवायचे. धार मेल्यावरही जोर लावून रेटणारा माणूस दुपारपर्यंत थकतो आणि जमीनही बिघडवतो.

आता चित्र पाहावे. ते सुमारे एक मीटर उंच आणि दीड मीटरला थोडे कमी रुंद आहे. जमिनीवर सालपटांची भेंडोळी विखुरली आहेत. भुसा नव्हे, भेंडोळी ! म्हणजे हातातली धार जिवंत आहे. जमिनीवर काळपट आणि उजळ असे पट्टे आळीपाळीने दिसतात. चित्रकाराने ते केवळ शोभेसाठी घातले असे मला वाटत नाही. कडा वर आलेल्या फळ्यांच्या सांध्यांवर आधी हात फिरवून मधला भाग मागाहून घेतला तर जमीन तशीच दिसेल. उजवीकडचे दोघे हात लांबवून तासता तासता एकमेकांशी काही बोलत आहेत. डावीकडच्याने आपले काम सोडून जमिनीवरच्या एका बारीक हत्याराकडे हात नेला आहे. मला ती कानस वाटते. बाजूला मद्याची बाटली आणि पेला. पाठीमागे जाळीदार कठड्याची खिडकी, तिच्यातून येणारा उजेड ओल्या पाठींवर आणि जमिनीवर सारखाच पडलेला. चित्रकाराने प्रत्येक अवयवाची, प्रत्येक हालचालीची रेखाटने आधी करून मग ती कॅनव्हासवर उतरवली होती. बहुतेक अभ्यासक हे दालन मिरोमेनिल रस्त्यावरच्या ७७ क्रमांकाच्या घरातले, म्हणजे कायबॉतच्या स्वतःच्याच घरातले मानतात. सैन्याला कापड पुरवून श्रीमंत झालेला त्याचा बाप १८७४ च्या डिसेंबरात वारला होता. मुलगा मालक झाला, आणि आपल्या घरी कामाला आलेल्या माणसांकडे पाहत बसला.

१८७५ च्या सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनी हे चित्र नाकारले. शेतात सरवा वेचणाऱ्या बायका मिये याने रंगवल्या होत्या, रस्त्याकाठी खडी फोडणारे कूर्बे याने. खेड्यातले कष्ट लोकांच्या डोळ्यांना सवयीचे झाले होते. पण शहरातला मजूर, तोही सभ्य माणसाच्या दिवाणखान्यात, उघड्या अंगाने ! विषय ग्राम्य ठरला. पुढच्या वर्षी, एप्रिल १८७६ मध्ये, द्युराँ-रुएल यांच्या दालनात भरलेल्या इम्प्रेशनिस्टांच्या दुसऱ्या प्रदर्शनात ते लोकांपुढे आले. एमिल झोलाने त्याची गोळीबंद ताकद मान्य केली, पण इतका हुबेहूबपणा कलेला मारक आहे, ही छायाचित्रासारखी मध्यमवर्गीय नकल आहे, असा शेरा मारला. गंमत अशी की त्याच महिन्यात पॅरिसच्या कामकऱ्यांवरची त्याची ‘लासोम्वार’ ही कादंबरी वृत्तपत्रातून क्रमशः येऊ लागली होती. धोबिणी आणि पत्रेकामगार यांचा तपशील टिपून ठेवणाऱ्या लेखकाला चित्रातला तपशील का खुपावा, हे कोडे मला सुटत नाही. त्याने सालपटे पाहिली, ती कशामुळे निघतात हे पाहिले नाही, एवढेच म्हणतो.

१८७६ मध्येच कायबॉतने याच विषयावर आणखी एक, लहान चित्र काढले. त्यात पुढे एक जण वाकून तासतो आहे आणि मागे बसलेला तरुण हातातल्या हत्याराशी गुंतला आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात, धाकट्या भावाच्या मृत्यूनंतर, अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने मृत्युपत्र केले आणि मित्रांची विकत घेतलेली चित्रे सरकारला द्यायचे ठरवले. स्वतःची चित्रे त्याने त्यात घातली नाहीत. १८९४ मध्ये तो वारल्यावर रेन्वारच्या खटपटीने वारसांनी जमीन तासणाऱ्यांचे मोठे चित्र लुक्झेंबर्ग संग्रहालयाला दिले. चित्राचा वंश असा लागतो. त्या तिघांची नावे मात्र चित्राच्या शीर्षकात नाहीत.

विसाव्या शतकात विजेवर फिरणारी, वाळूकागद गुंडाळलेली यंत्रे आली आणि गुडघ्यांवरचा धंदा बसला. ती यंत्रे जमीन झपाट्याने सपाट करतात आणि धुळीचा लोट उडवतात. त्यांच्यातून सालपट निघत नाही. भिंतीच्या कडेला, उंबऱ्यापाशी आणि खोलीच्या चारही कोपऱ्यांत त्यांचा गोल ढोल पोहोचत नाही. तेवढी जागा आजही गुडघे टेकून, पाते दोन्ही हातांनी अंगाकडे ओढत तासावी लागते.