टिपणवहीची किल्ली कोणाकडे?

आजचा विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक टिपणं ठेवण्याच्या ॲपबद्दल काय बोलणार? पण वाचलेलं, सुचलेलं टिपून कुठे ठेवायचं आणि ते कोणाच्या हाती पडू शकतं, हा प्रश्न मोबाइलपेक्षा पुष्कळ जुना आहे. त्यापायी एका माणसाचं डोकं उडवलं गेलेलं आहे. तिथूनच सुरुवात करू.

साल १६८३, लंडन. राजा दुसरा चार्ल्स गादीवर होता. अल्जर्नन सिडनी नावाच्या प्रजासत्ताकवादी माणसावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. अशा खटल्यात कायद्यानं दोन साक्षीदार लागत, आणि सरकारकडे होता एकच. मग दुसरा कुठून आणायचा? सिडनीच्या घरातून जप्त केलेले कागद न्यायालयात वाचले गेले. राजसत्तेच्या मर्यादांवरचं ते लिखाण त्यानं छापलेलं नव्हतं. न्यायाधीश जेफ्रीज यांनी भूमिका घेतली ती अशी, की लिहिणं हीसुद्धा एक कृतीच आहे. झालं! माणसाचे स्वतःचे कागद त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले. ७ डिसेंबरला त्याचा शिरच्छेद झाला. पुढे १६८९ मध्ये ती शिक्षा रद्दबातल ठरवली गेली, पण तोवर काय उरलं होतं?

याच वर्षी जॉन लॉक इंग्लंड सोडून हॉलंडला गेला. आपण त्याला ज्ञानमीमांसेसाठी आणि राज्यशास्त्रासाठी शिकवतो, पण हा गृहस्थ आयुष्यभर टिपणवह्या ठेवणारा होता. त्याची पद्धत १६८६ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात छापून आली. वहीच्या सुरुवातीला शंभर घरांची सूची करायची. विषयाच्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर, एवढ्यावरून घर ठरतं. ‘एपिस्टोला’ म्हणजे पत्र. ‘ए’ आणि त्यापुढचा ‘इ’, त्या घरात पान क्रमांक टाकायचा. आपल्याला यात नवल वाटू नये, बाराखडी म्हणजे दुसरं काय आहे? पण गंमत बघा, लॉकनं पद्धत जाहीर केली, वह्या नाही. कशी टिपणं ठेवतो हे जगाला सांगितलं. काय टिपलं ते स्वतःजवळ ठेवलं. हा फरक मनात असू द्या, तो पुढे लागणार आहे.

आता कोणी विचारेल, लपवायचं आहेच काय एवढं? हा प्रश्न मला नेहमी उथळ वाटत आला आहे. टिपण म्हणजे मत नव्हे. मी माझ्या वहीत हॉब्जची बाजू हॉब्जच्याच तोंडानं लिहितो, शक्य तितकी जोरकस, कारण त्याशिवाय ती खोडता येत नाही. ते पान कोणी सुटं काढून वाचलं तर मी अनियंत्रित राजेशाहीचा भाट ठरेन. विचार कच्चा असतो तेव्हा त्याला आडोसा लागतो. कोणीतरी खांद्यावरून बघतंय असं वाटलं, की माणूस दाखवण्यासाठी लिहू लागतो. आणि ते टिपण राहत नाही, ते निवेदन होतं. अर्थात सगळ्याच टिपणांना कुलूप हवं असं नाही. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून संस्कृत शब्दकोशाचं काम चालू आहे, त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. त्या चिठ्ठ्या सर्वांच्याच आहेत. मी बोलतोय ते घरच्या वहीबद्दल.

कोणी वाचेल ही पहिली भीती. दुसरी भीती अगदी उलटी आहे, उद्या कोणालाच वाचता येणार नाही ही. सॅम्युएल पीप्सनं १६६० ते १६६९ अशी रोजनिशी लघुलिपीत लिहिली. सहा खंड केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात पडून होते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या विद्यार्थ्यानं ते उलगडायला घेतले आणि तीन वर्षं डोळे फोडले. ती लघुलिपी शेल्टन नावाच्या माणसानं छापून प्रसिद्ध केलेली होती, आणि ते पुस्तक पीप्सच्याच ग्रंथसंग्रहात, त्याच इमारतीत होतं! बिचाऱ्या स्मिथला ते ठाऊक नव्हतं. आमच्या एडमुंड हुसर्लचंही तसंच. सुमारे ४०,००० पानं, बहुतेक गाबेल्सबर्गर लघुलिपीत. १९३८ मध्ये तो वारला तेव्हा जर्मनीत ज्यूंच्या कागदांना भविष्य नव्हतं. व्हान ब्रेडा नावाच्या फ्रान्सिस्कन साधूनं बेल्जियमच्या बर्लिनमधल्या वकिलातीमार्फत ती पानं बेल्जियममध्ये लूवेनला नेली. पण पानं वाचली, म्हणजे जळण्यापासून वाचली, एवढं पुरलं नसतं. ती अक्षरशः वाचता आली, कारण ती लिपी एका माणसाच्या मालकीची नव्हती; ती शिकलेले साहाय्यक होते. आपल्या मोडीचंही हेच आहे. लिपी उघडी असेल तर दोनशे वर्षांनीही कोणीतरी शिकून दप्तर वाचतो.

लघुलिपी हे काही खरं कुलूप नव्हे. जाता-येता डोकावणाऱ्यापुरतं ते बरं. कुलपाचा विचार नीट मांडला तो ऑग्युस्त केर्कहॉफ्स यानं, १८८३ मध्ये, लष्करी गुप्तलेखनावरच्या निबंधात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : तुमची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. लॉकची गोष्ट आठवतेय ना? पद्धत उघडी, वही झाकलेली.

ओपन सोर्स सॉफ्टवेअर सुरक्षित कसं, असं लोक विचारतात, त्याचं उत्तर इथे आहे. कुलपाचा आराखडा चारचौघांत टांगलेला असतो. जाणकार त्यातल्या खोडी काढतात. किल्ली मात्र तुमच्या खिशात. याउलट ज्याचा आराखडा कंपनीकडे आणि किल्लीही कंपनीकडे, तिथे तुमच्याकडे फक्त विश्वास उरतो. एव्हरनोटनं डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर केलं, की यंत्रशिक्षण नीट चालतंय ना हे पाहण्यासाठी काही कर्मचारी ग्राहकांची टिपणं बघू शकतील. ओरड झाली, काही दिवसांत माघार घेतली गेली. माघारीचं कौतुक आहेच, पण दार आतून उघडता येत होतं हे तेव्हा कळलं. आणि गूगल नोटबुक २०१२ मध्ये बंदच झालं. दोन्ही भीती झाल्या की नाही?

दुसऱ्या भीतीचा मराठी माणसाला घरचा अनुभव आहे. नव्वदच्या दशकात माझी व्याख्यानांची टिपणं मी एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली होती, त्या काळच्या एका फॉन्टमध्ये. आज ती फाइल उघडली तर हेगेलच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि टिंबं यांचा कचरा दिसतो. अक्षरं युनिकोडमध्ये नव्हती, त्या फॉन्टची लिपी त्या फॉन्टलाच ठाऊक.

तेव्हा ॲप निवडताना मी काय बघतो? टिपणं साध्या मजकुराच्या फाइलींत बाहेर काढता येतात का. मार्कडाउन ही २००४ मध्ये जॉन ग्रूबरनं प्रसिद्ध केलेली खुणांची पद्धत बरी, ॲप नसलं तरी डोळ्यांनी वाचता येते. मग, टिपण माझ्या यंत्रावरून निघण्याआधीच कुलूपबंद होतं का. याला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात. स्टँडर्ड नोट्समध्ये ते मुळातच असतं. जॉपलिनमध्ये ते आपण चालू करावं लागतं, हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि आपल्याच संगणकावरची प्रत उघडी राहते. म्हणून संगणकालाही कुलूप हवं. लॉगसेकही ओपन सोर्स आहे. ऑब्सिडियन लोकप्रिय आहे, त्याच्या फाइली साध्या मार्कडाउनच्या, पण ॲपचा आराखडा मात्र उघडा नाही. मी स्वतः जॉपलिन वापरतो. दिसायला ते काही फार देखणं नाही. पण घेतलं त्याच दिवशी पाच-दहा मराठी टिपणं लिहून, बाहेर काढून, साध्या एडिटरमध्ये उघडून पाहिली. जोडाक्षरं शाबूत होती. ही परीक्षा पहिल्याच दिवशी घ्यावी, पाच हजार टिपणं झाल्यावर नव्हे.

एक राहिलं. किल्ली खरोखर फक्त तुमच्याकडे असेल, तर ती हरवल्यावर कंपनीही हात वर करते. ती देऊच शकत नाही. माझ्या वयाच्या मंडळींनी हे जरा जास्त ध्यानात घ्यावं. पासवर्ड कागदावर नीट अक्षरात लिहावा, घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवावा, आणि आपल्यामागे ती वही कोणी उघडावी, की उघडूच नये, हे घरात एकदा सांगून ठेवावं. माझा कागद माझ्या मुलीकडे आहे. आता प्रश्न घेऊ.