बर्लिनला गेलेली लेझीम

माझी भाची टेक्सासमध्ये शिकते आणि शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. त्यांचा बँड १ जानेवारीला लंडनच्या नववर्ष परेडमध्ये वाजवणार आहे, हे गेले सहा महिने आमच्या घरात फोनवर रोज ऐकू येतंय. ही परेड १९८७ पासून सुरू आहे आणि दरवर्षी अमेरिकेतल्या शाळांचे कितीतरी बँड तिच्यात असतात. म्हणजे सण लंडनचा, रस्ता लंडनचा आणि वाजवणारी पोरं टेक्सासची! खर्च बहुतेक पालकांचाच. मग मुलं शनिवारी लोकांच्या गाड्या धुतात, चॉकलेटं विकतात, आणि माझी बहीण दर फोनला हिशोब सांगते. परवा भाचीने विचारलं, "मामा, तुमच्याकडची मुलं कधी अशी गेली होती का?"

आमच्याकडची म्हणजे नगरची. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण फोनवर अजून नगरच येतं तोंडात.) आमच्याकडे बँड म्हणजे लग्नाचा. शाळेत २६ जानेवारीला असायची ती लेझीम. पीटीचे सर शिट्टी तोंडात धरून उभे, हलगीवाला एका कडेला, आणि साठ-सत्तर पोरं "चार आवाज", "दो रुख", "आगे फलांग" करत घामाघूम. लेझीम हे वाद्य की व्यायाम, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. छनछन वाजते म्हणून वाद्य, दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात म्हणून व्यायाम. शब्द मूळचा फारसी. धनुष्य ओढायचा सराव करण्यासाठी दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेलं धनुष्य असायचं, ते लेझम. तीर गेले, साखळी राहिली, तिच्यात चकत्या आल्या, आणि आपल्या आखाड्यांनी आणि जत्रांनी तिला हलगीच्या तालावर घेतलं.

तर भाचीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. गेली होती. नगरची नाही, अमरावतीची. आणि गेली होती ती थेट बर्लिनला, १९३६ साली, हिटलरच्या ऑलिम्पिकच्या वेळी.

ही गोष्ट आपल्याकडे दोन वाक्यांत सांगतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिनमध्ये कबड्डी, खो-खो, मल्लखांब, लेझीम अशा देशी प्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली, आणि हिटलरने पदक देऊन त्यांचा गौरव केला. संपलं. दुसरं वाक्य सांगताना सांगणाऱ्याची छाती हमखास दोन इंच फुगते. मला मात्र गेले काही दिवस त्या पहिल्या वाक्यातच जास्त रस वाटतोय.

मंडळ १९१४ सालचं. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी काढलेलं. त्या काळी अमरावती महाराष्ट्रात नव्हती, 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' असा तो कारभार. सरकारी शाळांत कवायत होती ती विलायती पद्धतीची, आणि तिची एक मोठी मुळी स्वीडनमध्ये. पेर हेन्रिक लिंग नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिस्तबद्ध व्यायामाची एक पद्धत बसवली आणि ती युरोपभर आणि मग वसाहतींत पसरली. रांगेत उभं राहा, हात वर, हात खाली, आज्ञा इंग्रजीत. दुसरीकडे आपले आखाडे. तिथे ताकद होती, पण प्रत्येक जण आपापला. पन्नास जणांनी एका आवाजावर एकच हालचाल करायची, ही कल्पना तिथे फारशी नव्हती.

ही दोन टोकं जुळवणाऱ्यांत बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव यांचं नाव मोठं. त्यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात देशी व्यायाम होते, पण सांघिक होते, आणि आज्ञा हिंदुस्तानीत. शाळेत आपण "दहिने मूड, बाये मूड" करायचो ते मराठी शाळेत हिंदीतून कशाला, असा प्रश्न कधी पडला असेल तर त्याचं उत्तर त्या दिशेला आहे. बडोद्यातूनच पुढे दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. सांगायचा मुद्दा, जत्रेतली लेझीम आणि शाळेतली लेझीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी मुद्दाम घडवलेली आहे. गोऱ्या साहेबाच्या कवायतीला उत्तर म्हणून.

आणि या उत्तराला राजकारणाचा वास होताच. भगतसिंगांबरोबर २३ मार्च १९३१ ला फाशी गेलेले राजगुरू यांनी व्यायामाचं शिक्षण घेतलं ते याच अमरावतीच्या मंडळात. त्यानंतर पाचच वर्षांनी त्याच मंडळाची पोरं युरोपच्या बोटीत बसत होती.

आता ही पोरं जिथे पोचली ते बर्लिन बघू. इथे जरा थांबायला हवं.

१ ऑगस्ट १९३६. सकाळपासून शहरभर झेंडे, संचलनं, बँड. ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे कायदे होऊन वर्ष व्हायचं होतं, पण परदेशी पाहुण्यांसाठी रस्त्यांवरच्या ज्यूविरोधी पाट्या तेवढ्या उतरवून ठेवल्या होत्या. संध्याकाळी स्टेडियममध्ये 'ऑलिम्पिक युवक' नावाचा एक प्रचंड कार्यक्रम झाला. सुमारे दहा हजार जण, बहुतेक शाळकरी मुलं आणि तरुण. संगीत कार्ल ऑर्फ आणि वेर्नर एग्क यांचं, संहिता आयोजक कार्ल डीमची. आधी लहान मुलांचे खेळ, मग मुलींची नृत्यं, मग तरुण, मग वीरांचं युद्ध आणि मृतांसाठी विलाप, आणि शेवटी बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतलं आनंदगान. तो क्रम पुन्हा वाचा. खेळणाऱ्या पोरापासून मेलेल्या सैनिकापर्यंत, आणि मग आनंद. याच डीमने मार्च १९४५ मध्ये, रशियन फौजा दाराशी आलेल्या असताना, याच क्रीडानगरीत जमवलेल्या किशोरवयीन मुलांना प्राण देऊन लढायला सांगितलं.

आणखी एक गोष्ट. ऑलिम्पिक सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी, १६ जुलैला, पोलिसांनी बर्लिनमधल्या सहाशेच्या आसपास रोमा आणि सिंती लोकांना, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणत त्यांना, उचलून शहराबाहेर मार्त्सान इथल्या छावणीत नेऊन टाकलं. शहर पाहुण्यांसाठी 'स्वच्छ' करायचं होतं. पुढे त्यांतल्या बहुतेकांना आउश्विट्झला पाठवलं गेलं. हे रोमा लोक हजारेक वर्षांपूर्वी भारतातून गेलेल्यांचे वंशज. त्यांच्या भाषेत अजून आपल्याला ओळखू येतील असे शब्द आहेत, आणि युरोपभर त्यांची ओळखच वाजवणारे, नाचणारे अशी. म्हणजे एका टोकाला भारतातून आलेल्या पोरांच्या लेझमीला टाळ्या, आणि दुसऱ्या टोकाला फार पूर्वी भारतातून आलेल्या वाजवणाऱ्यांभोवती पोलिसांचा पहारा. पोरांना हे कळलं असण्याची शक्यता जवळजवळ नाही. कळू नये अशीच सगळी व्यवस्था होती.

त्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये आपली माणसं अजूनही होती. जुलैत आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा झाली, तिच्यात मुंबईच्या मादाम मेनका (लीला सोखी) यांची मंडळी बक्षिसं मिळवून गेली. मेनकाबाईंनी १९३८ पर्यंत युरोपभर कार्यक्रम केले, आणि त्या मंडळीत पुढे कथकमध्ये नाव काढणारी दमयंती जोशी ही मराठी मुलगी होती. तिचं वय दहाच्या आतबाहेर! हॉकीचा संघ तर सगळ्यांना माहीत आहे. उद्घाटनाच्या संचलनात भारतीयांनी हिटलरसमोर हात उंचावून सलाम केला नाही. १५ ऑगस्टला अंतिम सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला, खेळाडूंनी त्याला वंदन केलं, आणि मग बाहेर येऊन जर्मनीला ८-१ ने हरवलं. मैदानावर त्यांचा अधिकृत झेंडा इंग्रज सरकारचा होता. मला तो बंद खोलीतला तिरंगा फार आवडतो. बघायला कुणी नव्हतं, म्हणून.

याच सामन्यावरून हिटलरने ध्यानचंदला जर्मन सैन्यात मोठ्या हुद्द्याची नोकरी देऊ केली अशी कथा निघाली. ध्यानचंदच्या आत्मचरित्रात तिचा पत्ता नाही, पण ती दर ऑलिम्पिकला फिरतेच. आपल्याला हिटलरच्या शाबासकीचं एवढं काय कौतुक, हे कोडं मला सुटलेलं नाही. इंग्रजांनी दोनशे वर्षं तुम्ही दुबळे म्हणून हिणवलं, त्यामुळे इंग्रजांचा शत्रू वाहवा म्हणाला की बरं वाटायचं, हे १९३६ साली समजण्यासारखं. आजही तेच? अमरावतीच्या पोरांनी मल्लखांबावर उलटं लटकून दाखवलं, लेझमीचा ताल चुकवला नाही, कबड्डी आणि खो-खो असे खेळ असतात हे युरोपला दाखवलं. एवढं पुरेसं आहे की. पदक देणाऱ्याचं नाव त्यात घालून त्यांची किंमत वाढत नाही. माझं मत विचाराल तर कमी होते. (आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर हे लिहिल्यावर दोन काका रागावले आहेत, ते हे वाचतीलच. काका, रागावा, पण पूर्ण वाचा.)

तसा नगरचाही या कथेशी एक आडून संबंध आहे. १९३८ च्या जुलैत हाइनरिश हारर आणि त्याचे तीन सोबती आयगर शिखराच्या उत्तर कड्यावरून पहिल्यांदा चढून गेले. लगेच त्यांना ब्रेसलाउच्या क्रीडामहोत्सवात नेऊन हिटलरशेजारी उभं करून फोटो काढले. पुन्हा महोत्सव, पुन्हा बँड, पुन्हा तोच माणूस मधोमध. पुढच्या वर्षी हारर नंगा पर्बतच्या मोहिमेवर आला, महायुद्ध सुरू झालं, इंग्रजांनी त्याला कराचीत पकडलं आणि पाठवलं कुठे, तर अहमदनगरच्या छावणीत! पुढे देवळाली, डेहराडून, आणि तिथून पळून तिबेट. 'तिबेटमधली सात वर्षे' सगळ्यांनी वाचलंय किंवा सिनेमा पाहिलाय, पण त्याआधीचं नगर कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याच सुमाराला जर्मन म्हणून धरलेल्यांत हिटलरला घाबरून पळून आलेले ज्यूही होते. सरकारच्या लेखी सगळे शत्रूदेशाचे नागरिक. एकाच तारेच्या कुंपणात.

युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला, आणि १९४९ मध्ये अमरावतीच्या मंडळाचा चमू पुन्हा युरोपला गेला. या वेळी स्टॉकहोमला, 'लिंगियाड' नावाच्या महोत्सवाला. हे लिंग म्हणजे तेच वर सांगितलेले कवायतीचे पेर हेन्रिक लिंग. त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली म्हणून १९३९ मध्ये पहिला लिंगियाड भरला होता, हा दुसरा. ज्या स्वीडिश कवायतीला उत्तर म्हणून आपण लेझीम रांगेत उभी केली, तिच्या माहेरी जाऊन आपले देशी व्यायाम दाखवायचे! तेही उघड्यावर तिरंगा घेऊन, खोलीचं दार लावून नाही. पण ही सहल कुणाला माहीत नाही. स्टॉकहोमला फोटोत मधोमध उभं राहायला कुणी हिटलर नव्हता, एवढंच कारण असावं.

नंतर लेझीम पुन्हा इथेच रमली. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या उद्घाटनात सांगलीचे चारशे जण लेझीम खेळले, ते पाहायला आम्ही गल्लीतल्या एकुलत्या एक टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलो होतो. आता परदेशी जायचं तर ढोल-ताशाचा जमाना आहे, आणि मुलांना इथून जावंही लागत नाही. जिथे मराठी मंडळ आहे तिथे गणपतीला पथक उभं राहतं, तिथल्याच पोरांचं. मावसभावाने मेलबर्नहून एक व्हिडिओ पाठवलाय. पावसात मिरवणूक, ढोलांपुढे दहा-बारा मुलींची लेझमीची रांग, आणि शिकवणाऱ्या काकू ओरडतायत, "दो रुख!" पोरी बरोब्बर वळतात. दो रुख म्हणजे काय, हे मावसभावाने एकीला विचारलं, तर ती म्हणाली, "टर्न."