द्विइंजिनी मध्यम बॉम्बफेकी विमान आणि नेवाळीची धावपट्टी : युद्धेतिहासातील भूमीचा प्रश्न

प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धातील विमानांचा इतिहास प्रायः इंजिन, वेग आणि मोहिमा यांच्या आधारे लिहिला जातो. त्यासाठी जी भूमी लागली, तिचा विचार त्यात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात बी-२५ मिचेल या अमेरिकी विमानाची कामगिरी आणि कल्याणजवळील नेवाळीची धावपट्टी यांचा एकत्रित विचार केला आहे.

विमान आणि आघाडी

प्रत्येकी १७०० अश्वशक्तीची दोन इंजिने असलेली १६ मिचेल विमाने १८ एप्रिल १९४२ रोजी हॉर्नेट या विमानवाहू नौकेवरून उडाली आणि त्यांनी जपानवर बॉम्बफेक केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कराची येथे या विमानांचा ३४१ वा गट कार्यान्वित झाला व वर्षाअखेरीस तो चाकुलिया येथे आला. जपानी सैन्याची रसद तोडण्यासाठी ब्रह्मदेशातील रेल्वेपूल हे त्याचे प्रमुख लक्ष्य होते. अरुंद पुलांवर बॉम्ब अचूक पडत नसत. १ जानेवारी १९४४ रोजी मू नदीवरील पुलावर उथळ सूर मारीत बॉम्ब सोडण्याची रीत यशस्वी ठरली आणि पुढे तीच रूढ झाली.

धावपट्टी आणि शेतजमीन

नौकेवरील उड्डाण हा अपवाद होता. नित्याच्या मोहिमांसाठी पावसाळ्यातही टिकतील अशा लांब, पक्क्या धावपट्ट्या आवश्यक होत्या. त्यामुळे १९४२ मध्ये भारतात दोनशेहून अधिक विमानतळांचा कार्यक्रम आखण्यात आला. आघाडी दूर असली तरी मुंबई बंदर व कल्याण जंक्शन यांमुळे ठाणे जिल्ह्याला महत्त्व होते. युद्धकाळातच नेवाळी परिसरातील अनेक गावांची जमीन विमानतळासाठी घेण्यात आली. युद्धानंतर ती परत मिळावयास हवी होती, असे शेतकऱ्यांचे म्हणणे आहे. संरक्षण खात्याने मात्र तिच्यावर आपला हक्क सांगितला. नौदलाच्या कुंपणाच्या कामावरून २२ जून २०१७ रोजी तेथे उग्र आंदोलन झाले.

निष्कर्ष

नेवाळीचा संबंध एखाद्या विशिष्ट विमानाशी नसून, अशा विमानांमुळे अपरिहार्य ठरलेल्या विमानतळ-उभारणीशी आहे. मू नदीवरील पुलाची तारीख युद्धाच्या इतिहासात नोंदली गेली. नेवाळीच्या जमिनीचे संपादन-आदेश व फेरफार यांनाही त्याच इतिहासाची साधने मानले पाहिजे. हे काम स्थानिक महाविद्यालयांतील अभ्यासकांनी हाती घेणे अगत्याचे आहे.